आटे जुळले म्हणजे फिल्टर जुळला का?



आपल्या घरात गाळण्या किती, हे कधी मोजून पाहिले आहे का? चहाची गाळणी, पिठाची चाळणी, रवा चाळायची वेगळी, नळाच्या तोंडाला बांधलेले फडके. प्रत्येकीची भोके निराळी, कारण प्रत्येकीचे काम निराळे. पिठाच्या चाळणीतून कुणी चहा गाळत नाही. घरात पाळतो तो हा साधा नियम दारात उभ्या असलेल्या गाडीपाशी गेल्यावर मात्र आपण विसरतो. गाडीतही गाळण्या असतात. एक हवेची, एक डिझेलची किंवा पेट्रोलची आणि एक इंजिनातल्या तेलाची. या तिसरीला आपण ऑइल फिल्टर म्हणतो. गाडी जुनी असेल आणि तिला टर्बो असेल, तर हा फिल्टर कसा निवडावा, याविषयी आज बोलायचे आहे.

कविता लिहिणाऱ्या माणसाने हा विषय का घ्यावा, असे काहींना वाटेल. माझा निम्मा गोतावळा गॅरेजात आणि उरलेला निम्मा स्टिअरिंगमागे आहे. शब्दांइतकेच स्क्रू-नटांचे आवाजही लहानपणापासून कानावर पडत आले आहेत. शिवाय हा विषय केवळ मिस्त्रींचा राहिलेला नाही. तो हजारो घरांच्या मिळकतीचा झाला आहे.

पाहा ना. २००३ साली फियाट कंपनीने १२४८ सी.सी.चे एक छोटे डिझेल इंजिन बाजारात आणले. २००७ मध्ये ते मारुतीच्या स्विफ्टमध्ये आले. पुढे डिझायर, रिट्झ, टाटाची इंडिका व्हिस्टा, फियाटची पुंटो आणि लिनिया, अशा कितीतरी गाड्यांत हेच इंजिन वेगवेगळ्या नावांनी बसले. मारुतीने त्याला डीडीआयएस म्हटले, टाटाने क्वाड्राजेट, फियाटने मल्टिजेट. दुसरीकडे २००५ मध्ये आलेली टोयोटाची इनोव्हा टूरिस्टवाल्यांची लाडकी झाली. एप्रिल २०२० पासून प्रदूषणाचे नवे नियम लागू झाले आणि मारुतीने डिझेल गाड्या बंद केल्या. पण विकल्या गेलेल्या गाड्या कुठे गेल्या नाहीत. त्या दुसऱ्या, तिसऱ्या मालकाकडे आल्या. कुणी त्यावर भाडी मारतो, कुणी भाजीपाला पोचवतो, कुणी आईला डायलिसिसला नेतो. या सगळ्या गाड्यांना टर्बो आहे. तो गेला तर नवा बसवायला हजारांत पैसे मोजावे लागतात. जुन्या गाडीच्या मालकाचे दोन-तीन महिन्यांचे गणित कोलमडते. आणि त्याला वाचवणाऱ्या फिल्टरची किंमत काही शे रुपये असते.

टर्बो म्हणजे काय?

इंजिनातून जळालेला धूर जोराने बाहेर पडतो. त्या धुरात ताकद असते, ती वाया जाते. ती वापरावी, ही कल्पना आल्फ्रेड ब्यूखी या स्विस अभियंत्याची. त्याने १९०५ मध्ये तिचे पेटंट घेतले. एका बारीक दांड्याच्या दोन टोकांना दोन पंखे. एका टोकाचा पंखा धुराने फिरतो. त्याबरोबर दुसऱ्या टोकाचा पंखा फिरतो आणि बाहेरची हवा दाबून इंजिनात भरतो. हवा जास्त, म्हणून इंधन अधिक जाळता येते, म्हणून छोट्या इंजिनातून मोठी ताकद. मोटारगाड्यांत हे यंत्र १९६२ मध्ये अमेरिकेत आले. आपल्याकडे सर्वसामान्यांच्या दारात ते डिझेल गाड्यांबरोबर पोचले.

आता या दांड्याचे हाल ऐका. छोट्या गाडीतला टर्बो भरात असताना मिनिटाला दोन लाखांच्या आसपास फेऱ्या घेऊ शकतो. म्हणजे सेकंदाला तीन हजारांहून अधिक. एका बाजूला सातशे अंशांच्या वर तापलेला धूर, दुसऱ्या बाजूला बाहेरची हवा आणि मध्ये हा दांडा. बहुतेक गाड्यांत तो बॉल बेअरिंगवर नसतो, तेलाच्या पातळ पडद्यावर तरंगत असतो. दांडा आणि बेअरिंग यांच्यातली फट केसाच्या जाडीहूनही कमी. तेच तेल दांड्याची उष्णताही वाहून नेते. तेल क्षणभर आटले, किंवा तेलातून धातूचा बारीक कण त्या फटीत शिरला, की बेअरिंगवर ओरखडा उठतो. ओरखडा वाढतो, दांडा डुलू लागतो, पंख्याची पाती घराला घासतात. मग शिट्टीसारखा आवाज, निळा धूर आणि गॅरेज.

जाणकार मिस्त्री एक गोष्ट नेहमी सांगतात. टर्बो स्वतःच्या दोषाने फार कमी वेळा जातो. बहुतेक वेळा त्याला तेल कमी पडलेले असते किंवा घाण तेल मिळालेले असते. या दोन्हींचा संबंध फिल्टरशी आहे.

डब्याच्या आत

इंजिनाच्या तेलाला गाळणी हवी, हे १९२३ मध्ये अर्नेस्ट स्वीटलँड आणि जॉर्ज ग्रीनहाल्घ या अमेरिकनांनी प्रत्यक्षात आणले. आजचे फिल्टर दोन तऱ्हांचे असतात. एक पत्र्याच्या डब्यातला, आट्यांवर फिरवून बसवायचा. इनोव्हाला असा असतो. दुसरा नुसता कागदी. त्याचा डबा इंजिनालाच जोडलेला. झाकण पान्याने उघडायचे आणि आतला कागद बदलायचा. स्विफ्टच्या त्या डिझेल इंजिनाला असा असतो.

डबा कापून पाहिला तर आत चार मुख्य गोष्टी दिसतात. पहिली, चुण्या घातलेला कागद. नऊवारीच्या निऱ्यांसारख्या दाट घड्या, म्हणजे थोड्या जागेत मोठा पन्हा. दुसरी, आतली नळी. तेलाच्या दाबाने कागद चिरडू नये म्हणून. तिसरी, एक रबरी पडदा. गाडी बंद झाल्यावर फिल्टरमधले तेल परत खाली ओघळू नये, यासाठी हा एकदिशा पडदा. चौथी, स्प्रिंगवरची एक झडप. तिला बायपास म्हणतात.

ही चौथी गोष्ट नीट समजून घेऊ. निफाडला डिसेंबरातल्या पहाटे गाडी सुरू केलीत. तेल थंड, घट्ट. ते कागदातून लवकर जात नाही. अशा वेळी इंजिन कोरडे राहू नये म्हणून झडप उघडते आणि तेल न गाळताच पुढे जाते. कागद घाणीने तुंबला तरी हेच होते. घाण तेल वाईट, पण तेलच नसणे त्याहून वाईट. म्हणून ही तडजोड. किती दाबाला झडप उघडावी, हे इंजिन बनवणारा ठरवतो. स्प्रिंग फार ढिली असेल तर झडप वरचेवर उघडते आणि तेल गाळलेच जात नाही. फार कडक असेल तर कागद फाटू शकतो किंवा पुढे तेल कमी पडते. काही इंजिनांत ही झडप फिल्टरमध्ये असते, काहींत इंजिनाच्या अंगातच असते. बाहेरून डबा पाहून हे कळत नाही.

तिसरी गोष्ट, तो रबरी पडदा, टर्बोवाल्यांसाठी फार महत्त्वाची. फिल्टर आडवा किंवा उलटा बसवलेला असेल आणि पडदा कडक झाला असेल, तर रात्रभरात फिल्टर रिकामा होतो. सकाळी चावी फिरवल्यावर पंपाने आधी फिल्टर भरायचा, मग तेल वर चढायचे, मग टर्बोपर्यंत पोचायचे. तेवढा वेळ तो दांडा कोरडा फिरतो. साध्या रबराचा पडदा इंजिनाच्या उष्णतेने लवकर ताठरतो, सिलिकॉनचा जास्त टिकतो.

माझा एक भाचा सांगलीत इनोव्हा चालवतो. त्याच्या गाडीचा तेलाचा लाल दिवा सकाळी विझायला वेळ लावू लागला. सर्व्हिसिंग नुकतेच झालेले. मी फिल्टरचे विचारले तर म्हणाला, "मामू, दुकानदारानं दुसरा दिला. म्हणाला, आटे तेच आहेत, बसतोय की." बसला होताच. गळतही नव्हता. गाडीच्या क्रमांकाप्रमाणे योग्य फिल्टर आणून लावला आणि दिवा पूर्वीसारखा लगेच विझू लागला. यमक जुळले म्हणजे कविता झाली, असे नसते. आटे जुळले म्हणजे फिल्टर जुळला, असेही नसते.

निवड कशी करावी?

पहिली पायरी: गाडीचे नाव सांगून फिल्टर मागू नका. एकाच नावाची गाडी पेट्रोलमध्ये असते, डिझेलमध्ये असते, आणि वर्षागणिक तिच्या इंजिनाची घडण बदललेली असते. आर.सी. बुकावरचा चासी क्रमांक घेऊन अधिकृत सुट्या भागांच्या काउंटरवर जा आणि मूळ भागाचा क्रमांक लिहून घ्या. तो कागद गाडीच्या कप्प्यात ठेवा.

दुसरी पायरी: कंपनीचा फिल्टर मिळत असेल तर तोच घ्या. तो मिळत नसेल, किंवा दुसरा घ्यायचा असेल, तर बॉश, माहले, मान यांसारख्या नामांकित फिल्टर-कंपन्यांच्या यादीत तुमच्या मूळ क्रमांकासमोर कोणता क्रमांक दिला आहे, ते पाहा. त्या यादीत आकाराबरोबर झडप, पडदा आणि आटे यांचाही मेळ घातलेला असतो. दुकानात जुना डबा शेजारी ठेवून केलेली तुलना पुरेशी नाही.

तिसरी पायरी: मायक्रॉनच्या आकड्याला भुलू नका. मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. आपला केस साधारण सत्तर मायक्रॉन जाड. खोक्यावर नुसते '२० मायक्रॉन' लिहिले असेल तर त्याला अर्थ नाही. वीस मायक्रॉनचे शंभर कण आले तर त्यांतले किती अडवले, हे सांगायला हवे. एक फिल्टर पन्नास अडवतो, दुसरा पंचाण्णव. दोघेही स्वतःला वीस मायक्रॉनचे म्हणवू शकतात. आयएसओ ४५४८-१२ या आंतरराष्ट्रीय चाचणीत ठरावीक धूळ मिसळलेले तेल पुन्हा पुन्हा फिल्टरमधून सोडतात आणि आधीचे व नंतरचे कण मोजतात. या चाचणीचा आकडा टक्क्यांसह दिला असेल तर तो विश्वासार्ह.

मग सर्वांत बारीक गाळणारा घ्यावा का? तसेही नाही. फार बारीक कागद लवकर तुंबतो आणि झडप उघडते. मग बारीक गाळणीचा उपयोगच उरत नाही. बारीक गाळणे, भरपूर तेल जाऊ देणे आणि बरीच घाण साठवणे, या तिन्हींचा तोल हवा. साध्या कागदाऐवजी कृत्रिम धाग्यांचे किंवा मिश्र धाग्यांचे फिल्टर मिळतात, ते हा तोल अधिक चांगला सांभाळतात आणि उष्णतेत टिकतात. आपल्या गाडीच्या क्रमांकाला असा फिल्टर मिळत असेल तर चार पैसे जास्त द्यायला हरकत नाही.

चौथी पायरी: मोठा डबा म्हणजे चांगला डबा, या समजुतीपासून सावध राहा. मोठ्या डब्यात घाण जास्त मावते हे खरे. पण त्याची झडप दुसऱ्या इंजिनासाठी बनवलेली असू शकते, आणि खाली लोंबणारा डबा एखाद्या स्पीड-ब्रेकरवर घासला तर सगळे तेल रस्त्यावर.

नकली मालाचे काय?

आपल्या बाजारात नकली सुटे भाग येतात आणि फिल्टर हा नकलीवाल्यांचा आवडता माल आहे, कारण तो कापल्याशिवाय आतले दिसत नाही. खोक्यावरची पुसट छपाई, चुकलेले स्पेलिंग, फाटलेले सील, नसलेला बॅच क्रमांक, या खुणा पाहा. क्यूआर कोड किंवा होलोग्राम असेल तर तपासा. कागदी फिल्टरच्या चुण्या सारख्या अंतरावर आहेत का, टोकाला डिंक नीट लागला आहे का, हे डोळ्यांनी दिसते. आट्यांच्या भोकातून आत डोकावा. पत्र्याचे कीस दिसले तर फिल्टर परत करा. बिल घ्या. बिल द्यायला कचरणाऱ्या दुकानातून गाडीच्या काळजाची वस्तू आणू नये.

बसवताना

चांगला फिल्टर चुकीचा बसवला तर व्यर्थ. जुना काढताना त्याचे रबर इंजिनाला चिकटून राहिले नाही ना, ते बोट फिरवून पाहावे. दोन रबरे एकावर एक बसली तर वाटेत तेल सुटते. नव्या रबराला तेलाचा हात लावावा. रबर टेकल्यावर हातानेच साधारण पाऊण फेरा. फिल्टर पाना काढण्यासाठी असतो, आवळण्यासाठी नाही. नेमके किती फिरवायचे ते बहुधा डब्यावर छापलेले असते. कागदी फिल्टरच्या झाकणाची ओ-रिंग दर वेळी नवी घालावी.

नंतर इंजिन सुरू करून लाल दिवा विझेपर्यंत ॲक्सिलरेटरला हात-पाय लावू नयेत. बंद करून पाच-दहा मिनिटांनी पातळी पाहावी. फिल्टरवर तारीख आणि किलोमीटर मार्करने लिहून ठेवावेत. जुने तेल गटारात ओतू नये. ते गोळा करणाऱ्याकडेच द्यावे.

शक्य असेल तर काढलेला फिल्टर मिस्त्रींकडून कापून घ्या. चुण्यांमध्ये चमकणारे धातूचे कण दिसले तर ती आतल्या झिजेची आगाऊ चिठ्ठी आहे. आणि टर्बो बदलण्याची वेळ आलीच, तर तेल, फिल्टर आणि टर्बोला तेल नेणारी बारीक नळी, तिन्ही स्वच्छ किंवा नवी हवीत. जुन्या घाणीवर बसवलेला नवा टर्बो जुन्याच्याच वाटेने जातो.

फिल्टरला जमत नाही ते

फिल्टर जादूगार नाही. डिझेलची काजळी एका मायक्रॉनहूनही बारीक असते, ती कागदातून आरपार जाते. तिला धरून ठेवण्याचे काम तेलातल्या रसायनांचे. म्हणून तेलाचा ग्रेड गाडीच्या पुस्तकाप्रमाणे हवा आणि तेल-फिल्टर एकत्रच बदलायला हवेत. मल्टिजेट इंजिनात तेल मावते तीन लिटरच्या आसपास. त्यावर टर्बो, बेअरिंगे आणि टायमिंग चेन सगळ्यांनी जगायचे. पुस्तकात दहा हजार किलोमीटर किंवा एक वर्ष लिहिले असेल, तर जुन्या, धुळीत आणि शहरातल्या गर्दीत फिरणाऱ्या गाडीसाठी मी सहा-सात हजार धरा म्हणेन.

एक सवयही लावून घ्या. आंबा घाट चढून वर आलात आणि चहाला थांबलात, तर चावी लगेच फिरवू नका. मिनिटभर गाडी चालू राहू द्या. तापलेल्या दांड्याभोवतीचे तेल अचानक थांबले तर ते जळून कोळसा होते, आणि तोच कोळसा पुढे तेलाची वाट अडवतो.

आता शेवटचे, पण सर्वांत गंभीर. टर्बोचे बेअरिंग झिजले की सील सुटते आणि इंजिनाचे तेल हवेच्या वाटेने इंजिनात शिरते. डिझेल इंजिन ते तेल इंधनासारखे जाळू लागते. मग चावी बंद केली तरी इंजिन थांबत नाही, उलट वेग वाढत जातो आणि मागे पांढऱ्या-निळ्या धुराचा लोट उठतो. असे झाले तर घाबरू नका. गाडी कडेला थांबवून ब्रेक घट्ट दाबा, सर्वांत वरचा गिअर टाका आणि क्लच सोडून इंजिन बंद पाडा. ते जमले नाही तर सगळ्यांना उतरवून दूर न्या. बॉनेट उघडून आत हात घालू नका.

ही वेळ येण्याआधी खुणा मिळतात. तेल कमी होत जाणे, चढावर दम तुटणे, नवी शिट्टी, सकाळचा रेंगाळणारा लाल दिवा. यांतली एक जरी दिसली तरी मिस्त्रींना दाखवा. जुनी गाडी ही घरातल्या वडीलधाऱ्या माणसासारखी असते. ती फार मागत नाही. वेळेवर आणि योग्य तेच मागते. पुढच्या सर्व्हिसिंगला मिस्त्रींना एवढेच विचारा, "फिल्टरचा क्रमांक कोणता?" त्या गाडीत आपली माणसे बसतात. त्यांच्यासाठी एवढा प्रश्न विचारायलाच हवा.

(आकाशवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)